द्राक्षमळे, अरण्य आणि वहिवाट : जर्मनीच्या फाल्त्स प्रांतातील मोटारमुक्त खडीवाटा

नॉयश्टाट स्थानकातून बाहेर पडून उत्तरेकडे पंधरा-वीस मिनिटे सायकल चालवली, की गाव मागे पडते आणि द्राक्षांच्या रांगा सुरू होतात. त्या हद्दीवर बहुतेक ठिकाणी एक खांब उभा असतो. त्यावर तांबड्या कडेची पांढरी गोल पाटी असते, तिच्यात वर मोटारसायकल आणि खाली मोटार काढलेली असते. त्या पाटीखाली आणखी एक लहान आयताकृती पाटी असते : शेतीच्या वाहतुकीस मुभा. जर्मनीत वाहन परवान्याची परीक्षा दिलेल्या वाचकांना हे चिन्ह क्रमांक २६० म्हणून आठवेल. त्यात सायकल काढलेली नाही, म्हणजे सायकलीला मज्जाव नाही. त्या खांबापलीकडे शेकडो किलोमीटरचे असे रस्ते पसरलेले आहेत, की जिथे ट्रॅक्टर आणि लाकडाचा ट्रक वगळता काहीही अंगावर येत नाही.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत ‘ग्रॅव्हल बाइक’ नावाची सायकल युरोपात घरोघरी पोहोचली. मानहाइम, लुडविग्सहाफेन, वाल्डोर्फ, फ्रँकफुर्ट या पट्ट्यात नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींतही ती आता अपूर्वाईची राहिलेली नाही. मात्र ती घेतल्यानंतर ‘चालवायची कुठे’ या प्रश्नाचे उत्तर अनेकदा मोबाइलमधल्या नकाशावर सोपवले जाते, आणि नकाशाला वाटेची रुंदी ठाऊक असली तरी वाट कोणाची आहे हे ठाऊक नसते. फाल्त्समध्ये हे ठाऊक असणे आवश्यक आहे. तिथल्या वाटा मोटारमुक्त आहेत त्या सायकलस्वारांसाठी नव्हे. त्यांमागे शेती, वनव्यवस्थापन आणि काही शतकांचे हक्क-करार आहेत. सायकलस्वार त्या व्यवस्थेत सर्वांत शेवटी आलेला पाहुणा आहे.

डोंगराची कड

ऱ्हाइनलँड-फाल्त्स राज्याच्या दक्षिण भागात, ऱ्हाइन नदीचे सपाट खोरे पश्चिमेकडे अचानक संपते आणि डोंगर सुरू होतो. या कडेला हार्ट म्हणतात. भूगर्भात खोरे खचले आणि त्याची कड उंच उरली, अशी ही रचना आहे. खचलेल्या बाजूला गाळ, लोएस आणि चुनखडीची सुपीक जमीन. उंच बाजूला तांबडा वालुकाश्म. वालुकाश्माची माती निकस आणि रेताड असल्याने तिथे शेती कधी फारशी पिकली नाही, आणि म्हणूनच जंगल टिकले. हे फेल्त्सरवाल्ट, म्हणजे फाल्त्सचे अरण्य, जर्मनीतील सर्वांत मोठ्या सलग वनक्षेत्रांपैकी एक आहे. १९९२मध्ये युनेस्कोने त्याला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला आणि १९९८मध्ये सीमेपलीकडील फ्रान्सच्या उत्तर व्होज पर्वतरांगेशी जोडून ते दोन देशांचे संयुक्त क्षेत्र झाले. जर्मन बाजूचा विस्तार सुमारे १,८०० चौरस किलोमीटर आहे. सर्वोच्च शिखर काल्मिट, उंची ६७३ मीटर. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण पायथा दीडशे मीटरवर आहे आणि चढ एकदाच नव्हे, तर दिवसातून चार-पाच वेळा येतो.

द्राक्षमळे या कडेला बिलगून आहेत. पश्चिमेचा पाऊस डोंगर अडवतो, त्यामुळे पायथ्याची हवा उबदार आणि कोरडी राहते. इथे अंजीर पिकते, आणि मार्चमध्ये गिमेल्डिंगेन गावात बदामाचा फुलोरा पाहायला गर्दी लोटते. सुमारे २३,७०० हेक्टरवर द्राक्षे आहेत. त्यात रीसलिंग ही जात पहिली. जंगल आणि मळे यांच्या मधोमध गोड चेस्टनटच्या झाडांचा पट्टा लागतो. ही झाडे रोमन लोकांनी आणली असे मानतात. त्यांच्या टिकाऊ लाकडाचे खुंट पूर्वी वेलींना आधार म्हणून वापरत. आता बहुतेक ठिकाणी लोखंडी खांब आले आहेत.

सायकलस्वाराच्या दृष्टीने या भूगोलाचा अर्थ असा, की एकाच फेरीत दोन अगदी वेगळे प्रदेश मिळतात आणि त्यांच्या मधले अंतर कधीकधी शंभर मीटरसुद्धा नसते. उन्हातून सावलीत शिरताना चाकाखालचा आवाजही बदलतो. आणखी एक फायदा आहे, त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. रेताड मातीतून पाणी चटकन झिरपते. इतरत्र पावसानंतर दोन दिवस चिखल असतो, तेव्हा इथल्या जंगलवाटा पुन्हा चालण्याजोग्या झालेल्या असतात.

मळ्यातली वाट कशी झाली

फाल्त्समध्ये वडिलार्जित जमीन सर्व मुलांत समान वाटण्याची रीत होती. पिढ्यान् पिढ्या वाटण्या होत गेल्या आणि मळ्यांच्या अरुंद पट्ट्या उरल्या. स्वतःच्या पट्टीपर्यंत पोहोचायला दुसऱ्याच्या वेलींमधून जावे लागे. ज्यांच्या घरी बांधावरून आणि पाणंदीवरून कोर्टकज्जे झाले आहेत, त्यांना हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको. मुंबई राज्याने १९४७मध्ये तुकडेबंदी व तुकडेजोड कायदा केला. पश्चिम जर्मनीने १९५३मध्ये त्याच धर्तीचा जमीन एकत्रीकरणाचा कायदा केला, त्याला फ्लूरबेराइनिगुंग म्हणतात. दोन्हींचा हेतू सारखाच होता. फरक अंमलबजावणीत पडला. इथे पट्ट्या जोडताना प्रत्येक नव्या भूखंडाला वाट मिळेल, असे रस्त्यांचे जाळे मुळातच आखले गेले. ट्रॅक्टर वळेल एवढी रुंदी, पाणी वाहून जाईल असा उतार आणि खर्चाचा वाटा भूधारकांचा.

आज आपण ज्यावर सायकल चालवतो ते हे जाळे आहे. शुद्ध ग्रॅव्हलच्या शोधात आलेल्यांचा इथे थोडा भ्रमनिरास होतो, हे आधीच सांगितलेले बरे. मळ्यांतील मुख्य वाटा बऱ्याचदा डांबरी किंवा काँक्रीटच्या असतात, कारण खडी असली तर वळवाच्या सरीत ती उतारावरून वाहून जाते. दुय्यम वाटा गवताच्या किंवा मातीच्या असतात. खरी खडी जंगलात.

एकत्रीकरणावर टीकाही झाली आणि ती रास्त होती. जुन्या दगडी पायऱ्या, कुंपणाच्या भिंती, त्यांतले सरडे आणि रानफुले अनेक ठिकाणी बुलडोझरखाली गेली. अलीकडच्या योजनांमध्ये दगडी भिंती राखण्याकडे कल दिसतो. तरीही हार्टच्या काही उतारांकडे पाहताना ते पट्टीने आखल्यासारखे वाटतात, ते त्यामुळेच.

नाशिकच्या वाचकांना एक गोष्ट इथे खटकेल. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन छाटण्या होतात, वेल झोपी जातच नाही. फाल्त्समध्ये ती हिवाळाभर झोपते आणि छाटणी एकदाच, थंडीत होते. जानेवारीत मळ्यातून सायकल नेली तर कात्रीचा आवाज तेवढा ऐकू येतो. कापलेल्या काड्या वाटेवर आलेल्या असतात. त्या चाकात आणि गिअरमध्ये अडकतात, म्हणून अशा वेळी हळू जावे.

जंगलातला डब्ल्यूबीएम

जंगलवाटेची बांधणी आपल्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कागदांतल्या ‘डब्ल्यूबीएम’ रस्त्यासारखी असते. मोठी खडी, तिच्यावर बारीक खडी आणि वर भुकटी, पाणी मारून आणि रोलर फिरवून दाबलेली. मधोमध किंचित फुगवटा, कडेला चर. ओंडके भरलेला अवजड ट्रक जाईल अशा बेताने ती बांधलेली असते, आणि त्याच कारणाने सायकलीला सोयीची होते. भरलेला ट्रक खड्या चढावर चढू शकत नाही, म्हणून या वाटांचा चढ बहुधा शेकडा आठ-दहाच्या आत ठेवलेला असतो. डोंगर चढतो आहोत हे फुप्फुसांना कळते, पण उतरून ढकलण्याची वेळ क्वचितच येते. वळणेही रुंद असतात.

लाकडाची वाहतूक पूर्वी रस्त्याने नव्हे, तर पाण्याने होत असे. ओढ्यांना वालुकाश्माचे काठ बांधून, जागोजागी पाणी साठवून, ते एकदम सोडून ओंडके खाली नेत. एल्मश्टाइनच्या खोऱ्यात असे बांधलेले ओढे अजून वाटेच्या कडेने दिसतात. बांध घातलेली लहान तळी आता पोहायला वापरली जातात. जंगलात ठिकठिकाणी अक्षरे कोरलेले वालुकाश्माचे दगडही लागतात. फेल्त्सरवाल्ट-फेराइन या १९०२मध्ये स्थापन झालेल्या गिर्यारोहण आणि पदभ्रमण संस्थेने ते बसवले. इथे कोळशाची भट्टी होती, इथे गाव होते, इथे सीमा होती, एवढेच त्यावर लिहिलेले असते. असे सुमारे तीनशे दगड आहेत.

बोकडाचा कर

जंगलाच्या आत, दरीत, लाम्ब्रेख्ट नावाचे गाव आहे. पूर्वेला, मळ्यांच्या बाजूस, डायडेसहाइम आहे. लाम्ब्रेख्टच्या लोकांना डायडेसहाइमच्या जंगलात गुरे चारण्याचा आणि लाकूड घेण्याचा हक्क होता. त्याच्या मोबदल्यात त्यांनी दरवर्षी एक बोकड द्यायचा. या देण्याची नोंद १४०४पर्यंत मागे जाते. बोकड कसाही चालत नाही. तो शिंगांनी आणि वृषणांनी भरदार असला पाहिजे, असे दस्तऐवज सांगतो. पेंटेकॉस्टच्या मंगळवारी बोकड जंगलाच्या वाटेने चालवत डायडेसहाइमला आणला जातो, त्याची तपासणी होते आणि संध्याकाळी जुन्या नगरगृहाच्या पायऱ्यांवर लिलाव होतो. आज हा उत्सव आहे, माणसे त्याला वाइन पिण्यासाठी येतात, हे खरे. पण मूळ व्यवहार पूर्णपणे गद्य होता : दुसऱ्याच्या रानातून जायचे आणि तिथून काही घ्यायचे, तर द्यावेही लागते.

वहिवाट या मराठी शब्दात वापराने सिद्ध झालेला हक्क अभिप्रेत आहे. लाम्ब्रेख्टचा बोकड दाखवतो तो त्याहून कडक प्रकार आहे, कारण तिथे वापर कितीही जुना झाला तरी देणे संपले नाही. आपल्या सायकलींच्या टायरचे ठसे ज्या वाटांवर उमटतात, त्यांचा खर्च कोणी करतो, हे ही मिरवणूक एकदा पाहिल्यावर विसरत नाही.

कायदा काय म्हणतो

जर्मनीच्या १९७५च्या संघीय वन कायद्यानुसार करमणुकीसाठी जंगलात जाण्यास सर्वांना मुभा आहे, मग ते जंगल खासगी का असेना. सायकलीला मात्र ही मुभा केवळ रस्त्यांवर आणि वाटांवर आहे. ‘वाट’ म्हणजे काय, हे प्रत्येक राज्य ठरवते, आणि इथेच गोंधळ होतो. ऱ्हाइनलँड-फाल्त्सच्या कायद्यात जंगलवाट म्हणजे कायमस्वरूपी वनरस्ता. पायवाटा, तसेच लाकूड ओढण्यासाठी यंत्रांनी पाडलेल्या तात्पुरत्या पट्ट्या या व्याख्येतून स्पष्टपणे वगळल्या आहेत. सायकलीसाठी खास आखून दिलेले मार्ग हा अपवाद. शेजारच्या बाडेन-व्युर्टेमबेर्गमध्ये मोजमाप वेगळे : दोन मीटरपेक्षा अरुंद वाटेवर सायकल नको. हेसेन त्या मानाने उदार आहे. म्हणजे हायडेलबेर्गमध्ये राहणारा माणूस शनिवारी घरामागच्या टेकडीवर आणि रविवारी फाल्त्समध्ये सायकल चालवत असेल, तर दोन दिवस तो दोन निराळ्या नियमांखाली असतो.

माउंटन बाइक चालवणाऱ्यांना हा नियम जाचक वाटतो आणि त्यांची बाजूही ऐकण्याजोगी आहे. ग्रॅव्हल बाइकचे मात्र यात काहीच जात नाही. तिला जी वाट मानवते, तीच कायद्याची वाट आहे. नकाशाच्या ॲपने एखाद्या पायवाटेवर पाठवले, तर उतरून सायकल हातात धरून चालत जावे किंवा मागे फिरावे.

त्याच कायद्याचे दुसरे कलम आपल्या लोकांना सहसा माहीत नसते. जंगलातला वावर स्वतःच्या जोखमीवर असतो. वाळलेली फांदी डोक्यावर पडली, तर जंगलाचा मालक जबाबदार नाही. जंगलाच्या स्वाभाविक धोक्यांबाबत, वाट वर्दळीची असली तरीही, असेच आहे, हे संघीय न्यायालयाने २०१२मध्ये स्पष्ट केले. अलीकडच्या कोरड्या उन्हाळ्यांनी स्प्रूस आणि बीचची बरीच झाडे वाळली आहेत, त्यामुळे हा पुस्तकी मुद्दा राहिलेला नाही. वादळी वारा असेल त्या दिवशी मळ्यांतच राहावे.

काही पाट्या ओळखता आल्याच पाहिजेत. नुसतीच तांबड्या कडेची रिकामी पांढरी गोल पाटी, म्हणजे क्रमांक २५०, सर्व वाहनांना बंदी सांगते आणि त्यात सायकलही आली. वृक्षतोडीच्या ठिकाणी वाटेवर तांबडा-पांढरा पट्टा ताणलेला असतो आणि जिवाला धोका असल्याचे लिहिलेले असते. रविवारी काम चालू नसले तरी अर्धवट कापलेली, अडकून राहिलेली झाडे तिथे असू शकतात, म्हणून पट्टा ओलांडू नये. हिवाळ्याच्या तोंडावर हाका घालून शिकार होते, त्या दिवशीही वाटा अडवतात.

सुगी आणि एक चूक

सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने सर्वांत देखणे, आणि नेमके याच दिवसांत मळ्यात सर्वांत जास्त काम असते. काढणीची यंत्रे रांगांवरून चालतात, पुष्कळदा पहाटे किंवा रात्री, कारण थंड द्राक्षे चांगली राहतात. भरलेल्या ट्रॉल्या घाईने दाबयंत्राकडे जातात. रसाची गळती झालेल्या वळणावर वाट चिकट आणि निसरडी होते. काही गावे या दिवसांत पिकाच्या संरक्षणासाठी मळ्यांतल्या वाटा बंद करतात, तशी सूचना गावाच्या तोंडाशी लावलेली असते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका सप्टेंबरमध्ये आम्ही चौघे डायडेसहाइमच्या वरच्या बाजूस थांबलो होतो. सायकली वाटेवरच आडव्या ठेवल्या आणि आठ-दहा पावले दूर जाऊन फोटो काढू लागलो. मागून ट्रॅक्टर आला. चालकाने भोंगा वाजवला नाही, इंजिन बंद केले आणि आम्ही पाहीपर्यंत थांबला. आम्ही धावत जाऊन सायकली उचलल्या, माफी मागितली. तो शांतपणे म्हणाला, की ट्रॉलीतल्या द्राक्षांना थांबायला सांगता आले असते तर त्याची काही हरकत नव्हती. आमच्यातल्या एकाने समजावणीच्या सुरात सांगितले, की वाट सर्वांची आहे. त्यावर त्याने पुढच्या वळणावरचे, वाटेच्या कडेने फुटलेले काँक्रीट दाखवले आणि विचारले, हे दुरुस्त करायचे बिलही सर्वांना पाठवू का? आमच्याकडे उत्तर नव्हते.

तेव्हापासून थांबायचे तर वाट सोडून, रांगेच्या टोकाला, गवतावर. ट्रॅक्टर समोरून आला तर आपण खाली उतरावे. द्राक्षे तोडू नयेत, एक घडसुद्धा नाही. मुळावरच्या कुळांना ऊस-हरभऱ्याची सवय असते हे खरे, पण इथे ती चोरी समजली जाते.

सायकल आणि एक फेरी

फाल्त्ससाठी ४० ते ४५ मिलिमीटर रुंदीचे टायर योग्य. सत्तर किलो वजनाच्या माणसाने ट्यूबलेस टायरमध्ये साधारण दोन ते अडीच बार हवा ठेवावी. रस्त्याच्या सायकलीच्या सवयीने जास्त भरली, तर खडीवर हात बधिर होतात. डिस्क ब्रेक आणि चढासाठी हलका गिअर हवाच. कायद्याने घंटी, दोन स्वतंत्र ब्रेक आणि अंधारात दिवे बंधनकारक आहेत. घंटीला इथे कायद्यापलीकडचाही उपयोग आहे, कारण खडीवर उतरणाऱ्या सायकलीचा आवाज पुढच्या पदयात्रींना वाटतो तितका लवकर ऐकू येत नाही. ती लांबूनच, एकदा, हलकेच वाजवावी.

पहिल्या खेपेसाठी ही फेरी पुरेशी आहे. नॉयश्टाटहून गिमेल्डिंगेन, क्योनिग्सबाख, डायडेसहाइम, फोर्स्ट आणि वाखेनहाइम, सर्व मळ्यांच्या वाटांनी. फोर्स्टच्या वर पूर्वीच्या ज्वालामुखीचा काळा बेसाल्ट आहे. उष्णता धरून ठेवतो म्हणून तो खणून मळ्यांत पसरत. दख्खनच्या माणसाला ओळखीचा दगड इथे वेलींच्या बुंध्याशी पाहून गंमत वाटते. वाखेनहाइमला पश्चिमेकडे वळून जंगलात शिरायचे आणि सावकाश चढत लाम्ब्रेख्टच्या वर असलेल्या लाम्बेर्ट्सक्रॉइत्स या विश्रामगृहापर्यंत जायचे. ते सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे, म्हणजे पायथ्यापासून तीनशे मीटरचा चढ. तिथून उतरत लाम्ब्रेख्ट. एकूण अंतर तीस-चाळीस किलोमीटर, वेळ निवांत अर्धा दिवस. लाम्ब्रेख्टहून नॉयश्टाटपर्यंतची दरी अरुंद आहे आणि तिच्यातून वर्दळीचा महामार्ग जातो. दिवसभर मोटारी टाळून शेवटी त्यांच्या धुरात शिरण्यापेक्षा लाम्ब्रेख्टलाच लोकल गाडीत बसावे.

दुसऱ्या खेपेला दक्षिण. बाड बेर्गत्साबेर्नहून मळ्यांतून श्वायगेन आणि पुढे फ्रान्समधले विसांबूर. १९३६मध्ये बांधलेले वाइनचे प्रचंड द्वार श्वायगेनला आहे. ८५ किलोमीटरचा ‘जर्मन वाइन मार्ग’ तिथे संपतो. या मार्गाचा इतिहास पर्यटन पत्रकांत गोड करून सांगतात. तो १९३५मध्ये नाझी प्रांताधिपती योझेफ ब्युर्केल याने सुरू केला, आणि या भागातील वाइनच्या व्यापारात मोठा वाटा असलेल्या यहुदी व्यापाऱ्यांना त्या काळात धंद्यातून हुसकले जात होते. ऑक्टोबर १९४०मध्ये फाल्त्स आणि बाडेनमधील यहुदी कुटुंबे ब्युर्केल आणि त्याच्या बाडेनमधील सहकाऱ्याच्या पुढाकाराने फ्रान्समधील गुर्सच्या छावणीत धाडली गेली. हा मार्ग मोटारींचा आहे, त्यावर सायकलीने जाण्यासारखे काही नाही. अपवाद एकच दिवस : ऑगस्टचा शेवटचा रविवार. १९८५पासून त्या दिवशी तो मोटारींसाठी बंद ठेवतात.

श्वायगेनच्या अनेक बागायतदारांचे मळे सीमेपलीकडे फ्रान्सच्या हद्दीत आहेत. त्यांच्या शेतवाटेने सीमा कधी ओलांडली हे कळतही नाही. तरीही भारतीय पारपत्र असलेल्यांनी ते आणि निवास परवाना जवळ ठेवावा. सप्टेंबर २०२४पासून जर्मनीने सर्वच भूसीमांवर तात्पुरत्या तपासण्या सुरू केल्या, आणि कागदपत्रे घरी राहिली हे कारण सायकलवरही चालत नाही.

खाणे आणि पिणे

फेल्त्सरवाल्ट-फेराइनच्या शाखा जंगलात विश्रामगृहे चालवतात, बहुतांशी स्वयंसेवकांच्या बळावर. ही परंपरा २०२१मध्ये जर्मनीच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. खिडकीतून ताट घ्यायचे, लाकडी बाकावर अनोळखी माणसांच्या शेजारी बसायचे आणि भांडी आपणच परत नेऊन द्यायची. अनेक ठिकाणी फक्त शनिवार-रविवारी उघडे असते, आणि रोख पैसे जवळ असावेत. मांसाहार भरपूर. शाकाहारी माणसाने कांदा आणि पाल्याची चव दिलेला पांढरा ताजा चीज पावाबरोबर मागावा. तो आपल्या चक्क्याच्या जवळ जातो. डांप्फनूडेल नावाचा वाफवलेला, खालून खारट-खरपूस गोळा तर चुकवूच नये.

वाइनबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे. इथे सोडा घातलेली रीसलिंग खळगेदार काचेच्या अर्ध्या लिटरच्या पेल्यात देतात आणि त्यात सोडा कमी, वाइन अधिक असते. जर्मनीत सायकलस्वारासाठी रक्तातील मद्याची मर्यादा १.६ प्रति हजार आहे. त्यावर तो थेट गुन्हा ठरतो आणि पुढे मानसशास्त्रीय चाचणीचे झेंगट मागे लागते. मोटारीचा परवानाही जाऊ शकतो. पण १.६ ही ‘परवानगी’ नव्हे. तोल जाताना दिसला किंवा अपघात घडला, तर ०.३ पासूनच कारवाई होते. मळ्याची वाट आहे, इथे पोलीस कशाला येतील, या भरवशावर राहू नये. शरद ऋतूत अर्धवट आंबलेली, गोडसर, गढूळ नवी वाइन कांद्याच्या पाईबरोबर मिळते. ती सरबतासारखी लागते आणि उशिरा चढते. तिची बाटली घरी न्यायची हौस असेल, तर ती उभीच न्यावी. आंबणे चालू असल्याने झाकण मुद्दाम सैल ठेवलेले असते. माझ्या एका मित्राने ती पाठपिशवीत आडवी ठेवली आणि लॅपटॉपही त्याच पिशवीत होता.

अडचण आली तर

दऱ्यांमध्ये मोबाइलचे जाळे सापडत नाही, म्हणून नकाशा आधी उतरवून घ्यावा. जंगलात चौकाचौकांवर हिरव्या पाटीवर पांढरा क्रॉस आणि एक क्रमांक दिसतो. ती बचाव-स्थाने आहेत. ११२वर फोन करून तो क्रमांक सांगितला, की रुग्णवाहिकेला नेमके ठिकाण कळते. म्हणून जाताना शेवटचा क्रमांक लक्षात ठेवण्याची सवय लावावी. मार्च ते ऑक्टोबर गोचिडांचा काळ. घरी आल्यावर गुडघ्यामागे आणि मांड्यांत पाहावे. गोचिडांमुळे होणाऱ्या मेंदूज्वराची लस बाडेन-व्युर्टेमबेर्ग आणि बव्हेरियात राहणाऱ्यांनी घेतलेली असावी. लाइम आजारावर मात्र ती चालत नाही. इतरांच्या नुकसानीसाठी दायित्व विमा बहुतेकांकडे असतो, तो चालू आहे ना, एवढे पाहून ठेवावे.

मानहाइमहून नॉयश्टाट लोकलने अर्ध्या तासावर आहे. ऱ्हाइन-नेकार परिवहन क्षेत्रात स्थानिक गाड्यांमध्ये सायकल कामाच्या दिवशी सकाळी ९ नंतर आणि शनिवार-रविवारी दिवसभर विनामूल्य नेता येते, जागा असेल तर. ही अट रविवारी संध्याकाळी लाम्ब्रेख्टच्या फलाटावर कळते. साडेपाचच्या सुमारास प्रत्येक गाडी काइझर्सलाउटर्नहूनच सायकलींनी भरून येते. बाळाच्या गाड्यांना आणि चाकाच्या खुर्च्यांना आधी जागा द्यायची असते. एखादी गाडी सोडावी लागेल, असे धरूनच निघावे.